न उबलेल्या अंड्यांची साक्ष

एकविसावा दिवस उजाडला, बाविसावाही मावळला, आणि टोपलींतील बारा अंड्यांतून तीनच पिलें बाहेर पडलीं, म्हणजे घरांत दोष देण्याचें काम सुरू होतें. कोणी म्हणतो, कोंबडीच अवलक्षणी. कोणी म्हणतो, मागच्या आठवड्यांत वीज कडाडली तिनें अंडीं बिघडलीं. कोणी विकणाऱ्याच्या सचोटीविषयीं शंका घेतो. आणि उबवणीचें यंत्र वापरलें असेल तर सारे मिळून यंत्राला नांवें ठेवतात. मग उरलेलीं नऊ अंडीं उकिरड्यावर जातात. या गडबडींत ज्याला सर्व कांहीं ठाऊक आहे त्या एका साक्षीदाराला मात्र कोणी विचारीत नाहीं. तो साक्षीदार म्हणजे तें न उबलेलें अंडें.

उबवणीच्या विद्येचा इतिहास दोन हजारांहून अधिक वर्षांचा आहे, आणि तो चाळून पाहिला तर एक मौजेची गोष्ट आढळते. या विद्येंतील जवळजवळ प्रत्येक नियम कोणत्या तरी फसलेल्या उबवणीनें शिकविलेला आहे. नांदेड-लातूरकडील घरांना हा इतिहास जाणून घेण्याचें आणखी एक कारण आहे. उबवणीचीं यंत्रें ज्या देशांत घडलीं ते देश थंड हवेचे. अंड्याला ऊब कशी द्यावी एवढाच प्रश्न तेथें पुढें होता. मराठवाड्याच्या वैशाखांत प्रश्न नेमका उलटा होतो.

प्रथम कोंबडी काय करते तें पाहूं. संतवाङ्मयांत पक्षिणीच्या पंखांखालची ऊब हा मायेचा दृष्टान्त आहे. शास्त्रानें त्या मायेचें पृथक्करण केलें तेव्हां तींत चार निरनिराळीं कामें सांपडलीं. खुडूक कोंबडीच्या पोटाखालचीं पिसें झडून कातडी उघडी पडते आणि तिच्या अंगची सुमारें ४१ अंश सेंटिग्रेडची उष्णता अंड्याला लागते. त्यामुळें अंड्याच्या आंत साडेसदतीस ते अडतीस अंशांच्या आसपास तापमान राहतें. हें पहिलें काम. अंड्यांतील पाणी फार लवकर किंवा फार सावकाश उडून जाऊं नये असा ओलावा ती भोंवतीं राखते, हें दुसरें. दिवसरात्र अनेकदां चोंचीनें व पायांनीं ती अंडीं उलथीपालथीं करते; हें तिसरें. दाणापाण्यासाठीं उठते तेव्हां अंड्यांना मोकळी हवा मिळते, हें चौथें. कोंबडीला हीं चार कामें वेगवेगळीं ठाऊक नसतात. मनुष्याला तीं एकेक करून शिकावीं लागलीं, आणि प्रत्येक धड्याची फी त्यानें मेलेल्या पिलांनीं भरली.

अंडें फोडून त्याला प्रश्न विचारण्याची रीत ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल यानें इ. स. पूर्व चौथ्या शतकांत घालून दिली. उबवणींतील अंडीं क्रमानें फोडून त्यानें गर्भाची वाढ टिपून ठेविली. तीन दिवसांनंतर पांढऱ्या बलकांत रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो जिवंत प्राण्याप्रमाणें उडतो, हें त्याचें निरीक्षण प्रसिद्ध आहे. तें पिलाचें हृदय होय. पुढें इटलींतील फॅब्रिशियस व माल्पिघी आणि इंग्लंडांतील विल्यम हार्वे यांनीं सतराव्या शतकांत हाच मार्ग पुढें नेला. कोणत्या दिवशीं गर्भाचें रूप कसें असतें हें ठरल्यामुळेंच मेलेल्या गर्भाकडे पाहून तो कोणत्या दिवशीं मेला हें सांगतां येऊं लागलें. घरगुती उबवणींतील दोष शोधण्याचा सारा पाया हाच आहे.

अरिस्टॉटलच्याच ग्रंथांत ईजिप्त देशांतील लोक खताच्या उष्णतेनें अंडीं उबवितात असा उल्लेख आहे. त्या देशांत पुढें मातीच्या विटांच्या दुमजली भट्ट्या झाल्या. मधून एक बोळ, दोन्ही बाजूंस लहान लहान कोठड्या, खालीं अंडीं आणि वर मंद विस्तव, अशी त्यांची रचना असे. एकेका भट्टींत हजारों अंडीं मावत. उष्णतामापक यंत्राचें नांवही नव्हतें. काम करणारा मनुष्य अंडें उचलून आपल्या पापणीला लावी आणि पापणीच्या कातडीनें उष्णतेचा अंदाज घेई. ही कला बापाकडून मुलाकडे जाई व बाहेरच्यास सहसा सांगितली जात नसे. तिच्यांत कौशल्य अपार होतें. परंतु पापणीचा अंदाज कागदावर लिहितां येत नाहीं, म्हणून ती कला दुसऱ्या देशांत नेतां आली नाहीं.

ती अडचण अठराव्या शतकांत फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यानें दूर करण्याचा यत्न केला. उष्णतामापकावर त्याचें नांव आहेच. कृत्रिम उबवणीवरील त्याचा ग्रंथ १७४९ साली प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या थंडींत त्यानें घोड्याच्या लिदीच्या ढिगाऱ्याची उष्णता वापरली. मापकावर उष्णता बरोबर होती, तरी आरंभीं गर्भ मेले. शोध करतां त्याला आढळलें कीं, लिदींतून निघणारी दमट वाफ अंड्यांना घातक होत होती. तेव्हां त्यानें पिंपें आंतून लिंपून तीं ढिगाऱ्यांत पुरलीं, वाफ बाहेर ठेविली आणि उष्णता तेवढी आंत घेतली. उष्णता बरोबर असूनही उबवणी फसूं शकते, हवा आणि ओलावा हे स्वतंत्र प्रश्न आहेत, हा त्या मेलेल्या पिलांचा धडा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रांचें युग आलें. १८७९ च्या सुमारास अमेरिकेंतील पेटालुमा गांवीं लायमन बाइस यानें उबवणीचें यंत्र तयार केलें आणि तें गांव पुढें अंड्यांच्या धंद्याचें केंद्र बनलें. १८८१ साली इंग्लंडांत चार्ल्स हिअर्सन यानें एक चतुर योजना केली. थोड्या उष्णतेनें उकळणारा द्रव धातूच्या पातळ डबींत भरला. उष्णता वाढली कीं डबी फुगे आणि दिव्याची उष्णता बाहेर सोडून देई. उष्णता उतरली कीं डबी आकसे. रात्रभर जागणाऱ्या मनुष्याचें काम त्या डबीनें केलें. अंडीं फिरविण्याचें महत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभीं झालेल्या प्रयोगांनीं सिद्ध झालें. न फिरविलेल्या अंड्यांत गर्भ आंतील पापुद्र्याला चिकटून मरतो, हें अंडीं फोडून पाहिल्यावर कळलें.

याच काळांत एक शोध असा लागला कीं ज्याचें महत्त्व मराठवाड्याला सर्वांत अधिक आहे. अमेरिकेंतील डॉक्टर स्मिथ यांना १९१८ साली एका मोठ्या उबवणी यंत्राचा हक्क मिळाला. त्यांत पंख्यानें हवा खेळविली जाई आणि निरनिराळ्या दिवसांचीं अंडीं एकत्र ठेविलीं जात. कारण असें कीं, पहिल्या आठवड्यांत अंडें बाहेरून उष्णता घेतें. पण गर्भ मोठा झाला म्हणजे तो स्वतः उष्णता निर्माण करतो, आणि शेवटच्या आठवड्यांत ती बाहेर काढून नेली नाहीं तर अंडें आपल्याच उष्णतेनें मरतें. स्मिथ यांच्या यंत्रांत जुन्या अंड्यांची फाजील उष्णता वाऱ्याबरोबर नव्या अंड्यांना मिळे. म्हणजे उबवणी ही जशी ऊब देण्याची क्रिया आहे तशीच ती ऊब काढून घेण्याचीही आहे. थंड देशांत हें दुसरें अंग सहज विसरलें जातें, कारण बाहेरची थंड हवा तें काम फुकट करते.

आतां मराठवाड्याकडे वळूं. या भूमीला कोंबडा नवा नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें कोंबड्यांच्या झुंजींचें वर्णन आहे. आणि ती कल्याणी, म्हणजे सध्यांचें बसवकल्याण, लातूरच्या सरहद्दीपासून फार दूर नाहीं. राजाच्या झुंजीचा कोंबडा ग्रंथांत गेला. अंडीं उबविण्याचें काम मात्र अंगणांत, डालग्याखालीं आणि घरच्या बायकांच्या हातीं राहिलें. शेतीचा पैसा घरधन्याच्या हातांत जाई. अंड्यांचा व पिलांचा पैसा बहुधा घरधनिणीच्या गांठीला राही. म्हणून एका डालग्याची फसगत ही तिच्या तेल-मिठाची फसगत असे.

१९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हीं गांवें हैदराबाद संस्थानांत होतीं. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडे आणि त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. देशांत कोंबड्यांच्या शास्त्रीय अभ्यासाला इज्जतनगर येथें १९३९ साली स्वतंत्र विभाग मिळाला. स्वातंत्र्यानंतर व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड या परदेशी जाती सरकारी केंद्रांतून खेड्यांत आल्या. १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना झाली आणि उबवणी हा मोठ्या कारखान्याचा धंदा झाला. मराठवाड्यांत कृषि विद्यापीठ परभणीस १९७२ साली निघालें, आणि लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें १९८७ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें.

या प्रगतीबरोबर एक बदल न बोलतां घडला. अंडीं अधिक द्यावींत म्हणून निवडलेल्या जातींतून खुडूक बसण्याची वृत्तीच काढून टाकण्यांत आली, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडीं देणें थांबविते. लेगहॉर्न क्वचित् खुडूक होते. परसांतील पालनासाठीं तयार केलेल्या गिरिराज, वनराज या जातींचीही तीच गोष्ट. ज्या घरीं अशा कोंबड्या आल्या त्या घरीं अंडीं पुष्कळ झालीं, पण तीं उबविणारी माय राहिली नाहीं. तेव्हां एक तर गांवठी कोंबडी शोधावी लागते, नाहीं तर थर्माकोलची पेटी, विजेचा दिवा आणि उष्णता-नियंत्रक असें लहान यंत्र घ्यावें लागतें. शहरांतील घरांतून आज दिसणारी यंत्राची हौस अशा रीतीनें कोंबडीच्या बदललेल्या स्वभावांतून निर्माण झाली आहे.

आणि येथेंच या प्रदेशाची हवा आड येते. नांदेडला एप्रिल-मे महिन्यांत दुपारची उष्णता ४० ते ४२ अंशांवर जाते, कधीं त्याहूनही चढते. उबवणीच्या पेटींत साडेसदतीस अंश हवे असतात. पेटींतील नियंत्रक उष्णता वाढल्यावर दिवा बंद करतो. परंतु खोलीच पेटीहून अधिक तापलेली असेल तर दिवा बंद करून काय साधणार? त्या यंत्राला तापविणें येतें, निवविणें येत नाहीं. अंड्याच्या आंतील उष्णता कांहीं तास ४० अंशांच्या वर राहिली तर गर्भांची मोठी हानि होते. उलट तेवढाच वेळ चार-पांच अंश उष्णता कमी झाली तर बहुधा पिलें थोडी उशिरा निघण्यापलीकडे फारसें बिघडत नाहीं. थंडीपेक्षां उष्णता अधिक घातक, हा नियम या भागांत कोणीही विसरूं नये. कोंबडी तो विसरत नाहीं. भर उन्हांत ती अंड्यांवर दाबून बसण्याऐवजीं अंग सैल सोडते, उठून उभी राहते, अंड्यांवर सावली धरते. ती जशी शेगडी आहे तशीच छत्रीही आहे.

घराच्या बांधणीचाही याशीं संबंध आहे. जाड मातीच्या छताचीं माळवदाचीं घरें दुपारीं आंतून निवांत राहत; ईजिप्तच्या भट्टीच्या जाड भिंतींप्रमाणें त्या भिंती उष्णतेचा चढउतार मंद करीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपांत लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीचीं असंख्य घरें कोसळलीं, हजारों माणसें दगावलीं, आणि त्यानंतर तेथें काँक्रीटचीं घरें उभीं राहिलीं. माणसाच्या जिवासाठीं तें योग्यच झालें. पण पातळ स्लॅबखालची किंवा पत्र्याखालची खोली दुपारीं फार तापते आणि पहाटे लवकर निवते, हें अंडीं ठेवतांना ध्यानांत घ्यावें लागतें.

उष्णतेचा दुसरा फटका अंडें यंत्रांत जाण्यापूर्वींच बसतो. एडवर्ड्स या शास्त्रज्ञानें १९०२ साली प्रयोगानें दाखविलें कीं, सुमारें २० ते २१ अंशांच्या खालीं अंड्यांतील गर्भ निद्रिस्त राहतो. त्यावर उष्णता गेली कीं तो अर्धवट जागा होऊं लागतो. म्हणून उबवणीचें अंडें १२ ते १८ अंशांत, फार तर आठवडाभर, ठेवावें असा सामान्य नियम आहे. मराठवाड्यांतील उन्हाळ्याच्या खोलींत ३५ अंश उष्णता असते. तेथें साठविलेल्या अंड्यांत गर्भ हळूहळू वाढूं लागतो, रात्रीं मंदावतो, पुन्हां वाढतो, आणि उबवणीस ठेवण्याआधींच दुबळा होतो किंवा मरतो. मालक मात्र एकवीस दिवस त्या मेलेल्या अंड्यांना ऊब देत बसतो.

ओलाव्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. यंत्राबरोबर येणाऱ्या सूचनांत पाण्याची वाटी भरून ठेवा असें सांगितलेलें असतें. परंतु हवा तापली कीं तिचा सापेक्ष ओलावा कमी होतो, आणि किती कमी होतो हें बाहेरच्या हवेवर अवलंबून असतें. माघांतील पहाटेची १४ अंशांची, ५० टक्के ओलाव्याची हवा पेटींत साडेसदतीस अंशांपर्यंत तापविली तर तिचा ओलावा १५ टक्क्यांच्याही खालीं येतो; तेथें पाण्याची वाटी अत्यावश्यक आहे. श्रावणांतील २६ अंशांची, ८५ टक्के ओलाव्याची हवा तशीच तापविली तर ओलावा ४५ टक्क्यांच्या आसपास राहतो. पहिल्या अठरा दिवसांना ५० ते ५५ टक्के पुरेसा असल्यामुळें तेथें भरलेली मोठी वाटी अपाय करूं शकते. म्हणजे तीच वाटी माघांत औषध आणि श्रावणांत विष ठरते. शेवटचे तीन दिवस मात्र कोणत्याही ऋतूंत ओलावा ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत चढवावा लागतो, नाहीं तर टरफलाखालचा पापुद्रा वाळून पिलाला जखडून टाकतो.

इतकी पूर्वपीठिका झाल्यावर न उबलेल्या अंड्याची साक्ष कशी घ्यावी तें सांगतां येईल. अंडीं उघड्या हवेंत, ताटलींत सावकाश फोडावींत. कुजलेलें अंडें फुटून उडतें, म्हणून तोंड दूर ठेवावें व नंतर हात साबणानें धुवावेत.

कांहीं अंडीं आंतून साध्या अंड्यासारखींच दिसतात. तीं सारीं निर्जीव होतीं असें समजूं नये. पिवळ्या बलकावरील पांढरा ठिपका लहान, भरीव व वेडावांकडा असेल तर अंडें फलितच झालें नव्हतें. मग कोंबडा म्हातारा झाला आहे काय, दहांहून अधिक कोंबड्यांमागें एकच कोंबडा आहे काय, कडक उन्हाळ्यांत त्याची शक्ति मंदावली आहे काय, हें पहावें. तो ठिपका पसरट व कडीसारखा असेल तर अंडें फलित होतें, पण गर्भ अगदीं आरंभीं मेला. येथें दोष साठवणीचा, वाहतुकींतील हिसक्यांचा किंवा उन्हाचा. दुरून आणलेलीं अंडीं रुंद टोंक वर करून निदान बारा तास स्वस्थ ठेवावींत, मगच यंत्रांत घालावींत.

कांहीं अंड्यांत रक्ताची एक लाल कडी आढळते. हा गर्भ साधारणपणें दुसऱ्या ते चौथ्या दिवशीं मेलेला असतो. ही कडी फोडण्याची वाट न पाहतां सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत अंडें विजेरीपुढें धरलें तरी दिसते. जिवंत अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसतात. कड्या अनेक असल्या तर जुनीं अंडीं किंवा पहिल्या दिवसांतील फाजील उष्णता यांवर संशय घ्यावा. यंत्र सुरू करून तापमान स्थिर होण्यापूर्वींच अंडीं आंत ठेवणें ही घराघरांतील नेहमींची घाई आहे.

सातव्यापासून सतराव्या दिवसापर्यंतचे मृत्यु निसर्गतः थोडे असतात. म्हणून तेच अधिक आढळले तर कारण बहुधा यंत्राबाहेर असतें. कोंबडीच्या आहारांत जीवनसत्त्वांचा, विशेषतः रायबोफ्लेविनचा, अभाव असला म्हणजे गर्भ या मधल्या काळांत मरतात. नुसत्या ज्वारीवर पोसलेल्या कोंबडीला हिरवा पाला व थोडें प्राणिज अन्न मिळाल्यास हा दोष कमी होतो. काळें पडलेलें, दुर्गंधि अंडें जंतूंची साक्ष देतें. घाणेरडीं अंडीं पाण्यानें धुवून ठेवण्यापेक्षां तीं न घेणेंच बरें, कारण धुण्यानें टरफलावरील नैसर्गिक लेप जातो आणि जंतु आंत शिरतात. कांहीं रोग कोंबडीच्या बीजकोशांतूनच अंड्यांत उतरतात. पांढऱ्या हगवणीचा जंतु अमेरिकेंत रेट्गर यानें १९०० साली ओळखला तो याच वर्गांतला. म्हणून अनोळखी ठिकाणचीं अंडीं स्वस्त मिळालीं तरी विचार करावा.

शेवटीं तीं सर्वांत दुःखदायक अंडीं, ज्यांत पिलूं पूर्ण वाढून दाराशीं येऊन मेलेलें असतें. येथें बारकाईनें पहावें. पिलाचें डोकें अरुंद टोंकाकडे असेल तर अंडें उलटें ठेवलें गेलें होतें; हवेची पोकळी रुंद टोंकाशीं असते व पहिला श्वास तेथेंच घ्यायचा असतो. पिलूं मोठें, ओलें, फुगीर आणि हवेची पोकळी लहान असेल तर ओलावा फार झाला होता. पिलूं लहान, पापुद्रा वाळून अंगाला चिकटलेला आणि पोकळी फार मोठी असेल तर ओलावा कमी पडला. टरफलाला भोंक पाडून पिलूं थांबलेलें असेल तर शेवटच्या तीन दिवसांत झांकण वारंवार उघडलें गेलें काय, हें घरच्या मुलांना विचारावें. अंड्यांतून आवाज ऐकूं येऊं लागल्यावर झांकण उघडण्याचा मोह अनावर होतो, आणि प्रत्येक वेळीं सांचलेला ओलावा एका क्षणांत निघून जातो. भोंक पडल्यावर बाहेर यावयास बारा ते चोवीस तास लागणें स्वाभाविक आहे. घाईनें टरफल सोलून मदत करणाऱ्या हातांनींच पुष्कळदां रक्तस्राव होतो. बाहेर आलेलें पिलूं पोटांत ओढून घेतलेल्या बलकावर एक-दोन दिवस सहज काढतें, म्हणून त्याला दाणा देण्यासाठींही घाई नको.

निघण्याच्या वेळेचीही साक्ष असते. पिलें एकोणिसाव्या-विसाव्या दिवशींच, बेंबी नीट न मिटलेलीं अशीं निघालीं तर उष्णता अधिक होती. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशीं, सुस्त व मऊ पोटाचीं निघालीं तर ती कमी होती.

ही साक्ष खरी मानावयाची तर मोजमापाचीं साधनें खरीं हवींत. यंत्रावरील आंकडा देववाणी नव्हे. घरांतील ज्वराचें उष्णतामापक आणि पेटींतील उष्णतामापक एकाच कोमट पाण्यांत धरून पडताळावें. ओलाव्याच्या मापकासाठीं साधी युक्ति आहे: झांकणाच्या बरणींत चमचाभर मिठाचा ओला लगदा ठेवून मापक त्यांत कांहीं तास बंद करावा, तो ७५ दाखवील, न दाखविला तर फरक लिहून ठेवावा. पंखा नसलेल्या पेटींत वर-खालीं उष्णता निराळी असते, म्हणून मापक अंड्यांच्या वरच्या पातळीवर ठेवावा आणि तेथें साडेअडतीस ते एकोणचाळीस अंश राखावेत. पंखा असेल तर साडेसदतीस पुरे. याहूनही खात्रीचा उपाय तराजूचा. अठरा दिवसांत अंड्याचें वजन शेंकडा ११ ते १३ घटावें. चाळीस ग्रॅमचीं बारा गांवठी अंडीं मिळून ४८० ग्रॅम भरलीं, तर अठराव्या दिवशीं तीं ४२० ते ४२५ ग्रॅमच्या आसपास यावींत. त्यापेक्षां जड असतील तर पाणी कमी करावें, हलकीं असतील तर वाढवावें. ऋतु कोणताही असो, तराजू फसत नाहीं.

विजेचा प्रश्न उरतो. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत भारनियमनानें मराठवाड्याला अंधारांत बसण्याची संवय लावली, आणि आजही वादळपावसांत वीज जाते. हिवाळ्यांत वीज गेली तर पेटी गोधडीनें गुंडाळावी, मात्र हवेचीं भोंकें मोकळीं ठेवावींत. उन्हाळ्याच्या दुपारीं ती गेली तर गुंडाळणें हाच घात होय. तेव्हां झांकण किंचित् उघडून पेटी घरांतील सर्वांत थंड, वारा खेळणाऱ्या जागीं न्यावी. आणि शक्य असेल तर कार्तिक ते माघ हाच उबवणीचा काळ धरावा. दिवाळीनंतरच्या थंडींत बाहेरची हवा यंत्राच्या मदतीस येते, साठविलेलीं अंडीं सुस्थितींत राहतात, आणि पिलें उन्हाळ्यापूर्वीं अंगानें सावरतात.

अशी सर्व काळजी घेऊनही बाराच्या बारा पिलें निघतीलच असें नाहीं. मोठमोठ्या उबवणी केंद्रांतही ठेविलेल्या शंभर अंड्यांतून पंधरा-वीस फुकट जाणें नवलाचें नसतें. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आणि शेवटच्या तीन दिवसांच्या सुमारास कांहीं गर्भ मरणें हा सृष्टीचाच क्रम आहे. त्या क्रमापलीकडचें जें नुकसान तेवढेंच आपल्या हातांतलें. त्यासाठीं प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनें तारीख लिहावी, सातव्या व अठराव्या दिवशीं काय दिसलें त्याची वहीं नोंद करावी, न उबलेलीं अंडीं फोडून त्यांचे प्रकार मोजावेत, आणि पुढच्या खेपेस एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याला यश आलें तरी तें कशानें आलें हें कळत नाहीं.

ईजिप्तमधील कारागिराची पापणी त्याच्याबरोबर गेली. रेओम्यूरनें जें लिहून ठेविलें तें जगाच्या उपयोगी पडलें. लातूर-नांदेडकडील घरांतूनही पिढ्यान् पिढ्या अंडीं उबविलीं गेलीं, कोणत्या महिन्यांत डालगें ठेवावें आणि कोणत्यांत ठेवूं नये हें आज्यांना ठाऊक होतें. पण तें ज्ञान वहींत उतरलें नाहीं, आणि खुडूक कोंबडीबरोबर तेंही अंगणांतून चाललें आहे. माघ आणि वैशाख यांतील फरक यंत्राला कळत नाहीं. तो कळणारें माणूस त्याच्याजवळ असावें लागतें, आणि उकिरड्यावर टाकण्याआधीं तीं नऊ अंडीं फोडून पाहण्याइतका धीर त्या माणसाजवळ असावा लागतो.